ब्रह्मचर्याची शपथ गर्दीत घ्यायला लावू नका

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

लग्नापर्यंत शरीरसंबंध ठेवायचा नाही, असे मनाशी ठरवणारी मुले-मुली आजही आहेत आणि त्यांतली कित्येक आपल्या मित्रमैत्रिणींनाही या वाटेवर सोबत घेऊ पाहतात. हा निश्चय आदर करावा असाच आहे. म्हणूनच तो सभागृहात, शेकडो जणांच्या गजरात, अर्ध्या मिनिटात उरकला जातो तेव्हा वाईट वाटते.

असा निश्चय कशाने टिकतो आणि कुठे ढासळतो, याचा चांगला अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत १९९३ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी, लग्नापर्यंत संयम पाळण्याची शपथ देणारी ‘ट्रू लव्ह वेट्स’ (खरे प्रेम थांबते) ही मोहीम सुरू केली. दुसऱ्याच वर्षी वॉशिंग्टनच्या ‘नॅशनल मॉल’ या मोकळ्या मैदानावर मुलांनी सही केलेली दोन लाखांहून अधिक शपथपत्रे हिरवळीवर मांडली गेली. पीटर बेअरमन आणि हॅना ब्रुकनर या समाजशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये या शपथेचा परिणाम तपासला. काही परिस्थितींत शपथ घेणाऱ्यांचा पहिला शरीरसंबंध सरासरी दीड वर्ष लांबला होता, आणि ही काही लहान गोष्ट नव्हे. पण ज्या शाळांत शपथ घेणे ही सर्रास गोष्ट झाली होती, तिथे हा परिणाम विरून गेला. मोजक्यांनी विचारपूर्वक केलेला निश्चय ही त्यांची ओळख बनते. सगळ्यांनीच हात वर केला की त्यात स्वतःचे असे काही उरत नाही. पुढे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जॅनेट रोझेनबॉम यांच्या पाहणीत तर शपथेनंतर पाच वर्षांनी ८२ टक्के तरुणांनी ‘आम्ही अशी शपथ घेतलीच नव्हती’ असे सांगितले.

तेव्हा निश्चय एकट्याने, शांतपणे आणि लिहून करावा. पहिल्या ओळीत कारण असावे, तेही स्वतःच्या शब्दांत. केवळ गर्भाची किंवा रोगाची भीती एवढेच कारण असेल, तर गर्भनिरोधक हाताशी आले की ते कारण संपते. श्रद्धा, पुढच्या जोडीदाराला दिलेला मान, नात्याची घाई नको असणे, यांतले जे मनापासून वाटते तेच लिहावे. दुसऱ्या ओळीत सीमा लिहावी. बहुतेकांची गफलत इथेच होते. ‘लग्नापर्यंत काही नाही’ हे वाक्य ऐकायला स्वच्छ आहे, पण हात धरणे, मिठी, चुंबन, कपड्यांआडचा स्पर्श, मोबाइलवरून मागितलेला फोटो यांपैकी कुठे थांबायचे ते त्यातून कळत नाही. फक्त संभोग टाळला म्हणजे झाले, असे मानणारे बाकी सर्व करून मोकळे होतात. मुखमैथुनातून गनोरिया, सिफिलिस, हर्पिस होऊ शकते आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा एचपीव्ही हा विषाणू जननेंद्रियांजवळच्या त्वचेच्या स्पर्शानेही पसरतो, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

सीमा आधीच ठरवायची, कारण शरीर उत्तेजित झाल्यावर माणूस वेगळाच हिशेब करतो. डॅन एरिएली आणि जॉर्ज लोवेन्स्टाइन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन मुलांनी त्याच प्रश्नांना शांत असताना दिलेली उत्तरे आणि उत्तेजित अवस्थेत दिलेली उत्तरे यांत मोठी तफावत निघाली. त्या क्षणी मन आवरेन, या भरवशावर राहू नये. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवून दिलेली ‘असे झाले तर असे करीन’ ही पद्धत इथे फार उपयोगी पडते. नुसते ‘मी संयम पाळीन’ न लिहिता लिहावे: ‘घरी कोणी नसताना त्याने बोलावले, तर मी बाहेरच भेटू असे सांगेन.’ ‘पार्टीत दारू पुढे आली, तर मी मैत्रिणीला फोन करून निघेन.’ अशी तीन-चार वाक्ये पुरतात, पण ती मोठ्याने म्हणून बघितलेली हवीत. घरी परतायचे पैसे आणि फोनमध्ये चार्जिंग हेही या तयारीतच येते.

जोडीदाराला हे सांगायचे ते नाते जुळत असतानाच, दिवसा, चार माणसांच्या वावरात. ‘लग्नाआधी मी या सीमेपलीकडे जाणार नाही. तुला हे पटत नसेल तर आत्ताच सांग’, एवढे बोलणे पुरेसे आहे. लांबलचक समर्थन देत बसले की समोरचा एकेक मुद्दा खोडत बसतो. ‘प्रेम असेल तर सिद्ध कर’ असे म्हणणाऱ्याला समजावत बसू नये, तिथून उठावे.

आता मित्रांना प्रवृत्त करण्याविषयी. ‘सगळेच करतात’ या समजुतीचा दबाव खऱ्या परिस्थितीहून कितीतरी मोठा असतो. अमेरिकेच्या सरकारी सर्वेक्षणात १९९१ मध्ये शाळकरी वयातल्या सुमारे ५४ टक्के मुलांनी शरीरसंबंध आल्याचे सांगितले होते. २०२१ मध्ये तेच प्रमाण ३० टक्के होते. म्हणजे थांबलेले अधिक आहेत, फक्त ते बढाया मारत नाहीत. त्यामुळे ज्याने निश्चय केला आहे त्याने विषय निघाल्यावर ‘मी नाही करत, मला बरे चालले आहे’ असे सहज म्हणावे. एकदा कोणी बोलले की आणखी दोघे बोलतात. मागे लागू नये, कोणाला ‘तू अजून तशीच आहेस ना?’ असे कधीही विचारू नये. कौमार्याची तपासणी करणाऱ्या चाचणीला वैद्यकीय आधार नाही, ती बंद करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्येच म्हटले आहे. मुलांना सूट आणि मुलींना पहारा, असा संयम आम्ही संयम मानत नाही.

एक विश्वासू सोबती मात्र हवा. आठवड्यातून पंधरा-वीस मिनिटे, आणि विचारायचे ते इतकेच: कुठे अडचण आली, काय केले, पुढच्या वेळी काय बदलू? तपशील खोदून काढायचे नाहीत आणि ऐकलेले बाहेर जाता कामा नये.

पाऊल घसरले तर काय, हे न शिकवणे ही मोठी चूक आहे. शपथ घेतलेली मुले ती मोडताना निरोध वापरण्याची शक्यता कमी असते, असे वर उल्लेखलेल्या पाहण्यांत आढळले. तयारी करणे म्हणजे हार मानणे, असे त्यांना वाटते. म्हणून माहिती सर्वांनाच द्यावी. तातडीची गर्भनिरोधक गोळी जितकी लवकर घेतली जाईल तितकी परिणामकारक ठरते, तिचा नेहमीचा प्रकार ७२ तासांच्या आत घ्यायचा असतो. एचआयव्हीची शंका असल्यास प्रतिबंधक औषधे ७२ तासांच्या आतच सुरू व्हावी लागतात. एचपीव्हीची लस ९ ते १४ या वयात द्यावी, अशी शिफारस आहे आणि ती घेतल्याने कोणाचा निश्चय सैल होत नाही. घसरल्यावर ‘आता राहिलेच काय’ असे वाटते आणि एका रात्रीची चूक सवय बनते. त्या मुलाला किंवा मुलीला दुसऱ्याच दिवशी सोबत्याने गाठावे आणि सीमेची ती ओळ पुन्हा लिहायला बसवावे.

ज्याच्यावर जबरदस्ती झाली, त्याने काहीही मोडलेले नाही. हे शपथेच्या कार्यक्रमांत स्पष्ट शब्दांत सांगितले गेले पाहिजे, कारण श्रोत्यांत असे कोणीतरी बसलेले असू शकते.

मेळावे भरवणाऱ्यांना आमची विनंती आहे: त्या दिवशी कोणाकडूनही सही घेऊ नका. कोरा कागद घरी नेऊ द्या. दोन आठवड्यांनी पाच-सहा जणांच्या गटात पुन्हा भेटा आणि ज्यांनी काही लिहून आणले असेल त्यांच्याशी तिथून पुढे बोला.

आपले,
तरुणांसोबत काम करणारे काही समुपदेशक