टपरीला लटकवलेला लायटर

संपादक महोदय,
आमच्या इथल्या शाळेच्या गेटपासून टपरी मोजून चाळीस पावलांवर, दोरीला लायटर लटकवलेला असतो आणि बरणीतल्या चॉकलेटच्या शेजारी सिगारेटची पाकिटं. २००३ च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डात तंबाखू विकायला बंदी आहे, सुट्टी सिगारेट तर राज्याने २०२० मध्येच बंद केलीय, पण दहावीतली पोरं एकेक सिगारेट घेऊन तिघात ओढताना मी रोज बघतो. पालिकेने भिंतीवर बोर्ड रंगवला की काम झालं असं समजतात (त्या बोर्डाखालीच थोटकं पडलेली असतात!). अहो, केंद्राने २०१७ ला राज्यांना कळवलं होतं की तंबाखू विकणाऱ्याला पालिकेकडून वेगळं लायसन्स घ्यायला लावा आणि त्याच दुकानात चॉकलेट, बिस्किटं, वेफर्स विकू देऊ नका. हे केलं तर अर्धी पोरं टपरीवर जायचीच नाहीत. दोनशे रुपये दंडाचं कोण मनावर घेतं, पण लायसन्स जाईल म्हटलं की टपरीवाला स्वतःच पोरांना हाकलेल. तो काही वाईट माणूस नाही, त्यालाही पोट आहे, त्याला गेटपासून लांब जागा द्या ना.
- एक पालक