चेतापेशीचा प्रश्न तीन वर्षांत सुटत नाही : केंद्रीय विज्ञानमंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री महोदय,

सादर नमस्कार.

मी कोल्हापुरात एमएस्सीला प्राणिशास्त्र शिकवते. अपघातात मज्जारज्जूला इजा झाली की माणूस पुन्हा उभा का राहत नाही, असे दरवर्षी वर्गात कुणीतरी विचारतेच. या प्रश्नावर ज्यांनी मोलाचे काम केले, त्या फ्रँक ब्राडके या जर्मन शास्त्रज्ञाची वाटचाल आपण पाहावी, अशी माझी विनंती आहे. आपल्याकडच्या तरुणांना असे काम मध्येच सोडावे लागते, आणि हे बदलणे आपल्या हातात आहे.

ब्राडके यांची सुरुवात रुग्णापासून झाली नव्हती. 1988 साली कार्लोस डॉटी, गॅरी बँकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या गर्भातल्या चेतापेशी काचेवर वाढवून एक गोष्ट नोंदवली. गोल पेशीला आधी सारख्याच लांबीचे काही आखूड फाटे फुटतात. सुमारे दीड दिवसाने त्यांतला एकच झपाट्याने पुढे जातो आणि अक्षतंतू, म्हणजे पेशीचा संदेश दूरवर नेणारा लांब धागा, होतो. तोच का? हायडेलबर्गला डॉटींकडे पीएचडी करताना ब्राडके यांनी हा प्रश्न हाती घेतला. 1999 मध्ये उत्तराचा पहिला भाग मिळाला : पुढे जाणाऱ्या फाट्याच्या टोकाशी ॲक्टिन या पेशीला आकार देणाऱ्या प्रथिनाचे जाळे सैल असते. औषधाने इतर फाट्यांतले जाळे सैल केले, तर एकाच पेशीला अनेक अक्षतंतू फुटतात.

त्या वर्षी एखाद्या समितीने ‘याचा समाजाला उपयोग काय?’ असे विचारले असते, तर ब्राडके यांच्याकडे सांगण्यासारखे फारसे काही नव्हते.

पुढे त्यांच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत दिसले, की मज्जारज्जूच्या इजेत तुटलेल्या अक्षतंतूच्या टोकाशी सूक्ष्मनलिकांची, म्हणजे पेशीला आतून आधार देणाऱ्या बारीक नळ्यांची, घडी विस्कटलेली असते. 2008 मध्ये कळले, की अक्षतंतू ठरण्यासाठी याच नलिका स्थिर व्हाव्या लागतात. त्या स्थिर करणारे टॅक्सॉल हे कर्करोगावरचे औषध 2011 मध्ये मज्जारज्जूला इजा झालेल्या उंदरांना अगदी थोड्या मात्रेत दिले, तेव्हा व्रण कमी झाला आणि अक्षतंतू वाढू लागले. 2015 मध्ये एपोथिलोन बी हे औषध इजेनंतर पोटात टोचूनही मज्जारज्जूपर्यंत पोहोचले आणि उंदरांची चाल सुधारली. माणसांसाठी उपचार यातून अजून आलेला नाही, हे मी विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगते. पण घाव नेमका कुठे घालायचा, ते आता माहीत आहे.

1988 ते 2015 म्हणजे 27 वर्षे. आपल्याकडे मूलभूत संशोधनाचे अनुदान साधारण तीन वर्षांचे असते. या एका प्रश्नासाठी नऊ वेळा अर्ज करावा लागला असता, आणि नऊपैकी एकदा नकार आला असता तरी काम तिथेच संपले असते.

आपल्याकडे कुवत नाही, असे मुळीच नाही. पुण्याच्या आयसर या केंद्रीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत कोंबडीच्या गर्भातल्या मज्जारज्जूच्या चेतापेशींवर काम चालते. वाढत्या अक्षतंतूच्या टोकाला वाट शोधायला फॉर्मिन-2 हे प्रथिन कसे मदत करते, हे तिथल्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवले.

चेतापेशी विभागत नाहीत. त्यामुळे प्रत्येक प्रयोगासाठी नव्याने गर्भातून पेशी काढाव्या लागतात, आणि त्या दिवसांत त्यांच्याजवळ माणूस असावाच लागतो. माझ्या एका हुशार विद्यार्थिनीची फेलोशिप कित्येक महिने अडकली. खोलीभाडे थकले, ती घरी परतली, आणि तिने बसवलेली सगळी पद्धत तिच्याबरोबरच प्रयोगशाळेतून गेली. 2023 पासून फेलोशिप 37,000 रुपये झाली, याबद्दल आभार. पण रक्कम वाढून ती वेळेवर हाती पडत नसेल, तर काय उपयोग?

2025 मध्ये सरकारने खासगी क्षेत्रातील संशोधन आणि नवोन्मेषासाठी 1 लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिला माझा विरोध नाही. मात्र ते पैसे बाजाराच्या बऱ्याच जवळ आलेल्या तंत्रज्ञानासाठी आहेत. 1999 सालचे ब्राडके त्यात कुठेच बसले नसते. संशोधनाला अनुदान देणाऱ्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात अशा प्रश्नांसाठी दहा वर्षांची अनुदाने सुरू करा. पाचव्या वर्षी आढावा जरूर घ्या, पण तो स्वतः प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांकडून. आणि फेलोशिप दरमहा ठरलेल्या तारखेला खात्यात जमा होईल, असा आदेश या आर्थिक वर्षातच काढा.

आपली विश्वासू,
प्राणिशास्त्राची एक शिक्षिका, कोल्हापूर