तू विचारलं होतंस, माझं आवडतं नाणं कुठलं

नाशिक,
१६ फेब्रुवारी

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू ‘असू दे गं आई’ म्हणतोस आणि विषय तिथेच मिटतो. मला तुझ्याकडून परत येऊन तीन आठवडे झाले. त्या नाण्याबद्दल तू अवाक्षर काढलं नाहीस, मीही नाही. म्हणून लिहायला बसलेय. किल्लीबद्दल यात काही लिहिणार नाही, हे आधीच सांगते. ते तुझं तू बघ.

नाणं मी घासलं ते तुझ्या भल्यासाठीच. तू ऑफिसला गेला होतास, टेबलावर ती छोटी चौकोनी पुडी होती आणि आत काळवंडलेली चांदी. सराफाच्या घरात वाढलेल्या बाईला काळी चांदी दिसली की हात आपोआप सोड्याच्या डब्याकडे जातो. चिमूटभर सोडा, दोन थेंब पाणी, अंगठ्यानं गोल गोल. दोन मिनिटांत लख्ख झालं. वाटलं, संध्याकाळी पोराचा चेहरा उजळेल. तू आलास, दिव्याखाली धरून पाहिलंस आणि कोटसुद्धा न काढता खुर्चीत बसलास. ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू एवढंच म्हणालास, "आई, तिच्या केसांवर निळा रंग होता."

मला तो मळ वाटला होता रे. आता कळलंय. हवेतल्या गंधकानं चांदीवर पापुद्र्याहून पातळ थर चढतो, लाकडी खणात वर्षानुवर्षं पडून राहिलं की तो आधी सोनेरी, मग जांभळा, मग निळा होत जातो. माझ्याआधी ते नाणं ज्यांच्या ज्यांच्या कपाटात होतं, त्यातल्या एकानंही ते घासलं नव्हतं. आणि इतकी जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असते, जोर लागला असता तर मोडलंही असतं. माझं चुकलं. आप्पा असते तर त्यांनी मला बोल लावला असता. गिऱ्हाइकाची वस्तू विचारल्याशिवाय उजळायची नाही, हा दुकानातला पहिला नियम होता.

निघायच्या आदल्या रात्री तू सगळे खण माझ्यापुढे मांडलेस आणि विचारलंस, यातलं तुला कुठलं आवडलं. मी म्हणाले, मेलेल्या राजांचे पैसे, त्यात आवडायचं काय. तू खण आत ठेवलेस. तेव्हा माझ्या डोक्यात दुसरंच चालू होतं. त्याच दुपारी शेजारच्या आजींनी मला नोव्हेंबरातलं सांगितलं होतं. त्यांना वाटलं, मला माहीत असेलच. पण ते नको. उत्तर देते.

पहिलं, ते हत्यारांचं. रोमच्या टांकसाळीचा अधिकारी कॅरिसियस, त्याचं, इसवी सनापूर्वी ४६ मधलं, बरोबर ना? एका बाजूला मोनेटा देवीचा चेहरा, जिच्या देवळाजवळ रोमची टांकसाळ होती आणि जिच्या नावावरून इंग्रजांचा ‘मनी’ आला. पण मला मागची बाजू आवडली. ऐरण, सांडशी, हातोडा. ऐरणीवर जे आहे त्याला काहीजण अग्निदेवाची टोपी म्हणतात, काहीजण वरचा ठसा. मला विचारशील तर ठसाच. हत्यारांच्या सभोवती पानांची माळ आहे, जशी आपण दसऱ्याला घालतो. दसऱ्याच्या सकाळी आप्पा फुंकणी, मूस, सांडशी, कसोटीचा दगड सगळं ओळीनं पाटावर मांडायचे आणि त्यांच्यासमोर डोकं टेकायचे. ते पाटावरचं चित्र मला तुझ्या त्या बोटाच्या पेराएवढ्या नाण्यावर दिसलं. टांकसाळीत काम करणाऱ्यांचं नाव कुठे उरत नाही, पण कुणीतरी त्यांची हत्यारं देवीच्या पाठीवर आणून ठेवली. एका तापलेल्या चकतीवर एक घाव. तो सरळ बसला तर चित्र मधोमध, नाहीतर देवीचं नाक काठाबाहेर. तुझ्या नाण्यात ती थोडी डावीकडे सरकलीय. मला तेही आवडलं. हातानं घडवलेल्या वस्तूत हात दिसलाच पाहिजे.

त्यावर गालापाशी नखानं केल्यासारखी अर्धी चंद्रकोर आहे. तू म्हणालास, तो बँकरचा शिक्का, आत तांबं नाही ना हे बघायला मारलेला. अरे, आप्पांच्या तिजोरीत कंपनी सरकारचे रुपये होते, त्यांच्यावर अगदी अशाच खुणा होत्या. कुणा सराफानं मारलेल्या, कुणी चांदणी, कुणी टिंब. मी लहान असताना ते मला भिंग देऊन त्या खुणा मोजायला लावायचे. जितक्या खुणा तितक्या लोकांनी हे नाणं खरं मानलं, असं सांगायचे. तेव्हा तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा मुलामा देऊन फसवणारे रोममध्येही होते आणि आपल्या पेठेतही. खरेदी करताना काठ नीट बघत जा. मुलामा काठाकडून फाटतो. वजनही कर. तुला माहीत असणार हे सगळं, तरी सांगते.

दुसरं, ते झिजलेलं. रोमन सेनापती अँटनीचं, इसवी सनापूर्वी ३२-३१ मधलं. एकीकडे गलबत, दुसरीकडे सैन्याचा गरुड, पलटणीचा आकडा तर पुसूनच गेलाय. तू म्हणालास, यात चांदी कमी, हीण जास्त, म्हणून कुणी वितळवलं नाही की साठवून ठेवलं नाही, दोनशे वर्षांहून जास्त काळ हातोहात फिरत राहिलं. चांगलं नाणं लोक दडवतात आणि हिणकस खर्च करतात, हे आप्पांच्या दुकानातही असंच होतं. रोमच्या निरो बादशहानं इसवी सन ६४ मध्ये नाण्याचं वजन घटवलं आणि कसही उतरवला, तेव्हा दक्षिणेतल्या व्यापाऱ्यांनी ते बरोबर ओळखलं. कोइमतूरकडे सापडलेल्या साठ्यांत ऑगस्टस आणि तिबेरियसचीच चांदी भरपूर, निरोनंतरची अगदी थोडी. समुद्रापलीकडच्या बादशहाला आमच्या माणसांनी टंच काढून दाखवला. हे वाचून मला इतका आनंद झाला की रात्रीच तुला फोन करणार होते. मग तिकडची वेळ आठवली, आणि मग तू उचलला नाहीस तर काय, हे आठवलं.

सीझरचा हत्ती तुझा लाडका आहे, माहितीय. मला तो नाही आवडला. पायाखाली सापासारखं काहीतरी चिरडतोय, आणि आपल्याच लोकांशी लढायला निघालेल्या सैन्याचे पगार देण्यासाठी पाडलेलं नाणं ते. आपल्याकडे हत्ती लक्ष्मीवर पाणी घालतो.

तुझी ही नाण्यांची ओढ कुठून आली ते मला पक्कं ठाऊक आहे. अंजनेरीचं संग्रहालय. तू दहा वर्षांचा होतास, बाबांनी सुट्टीत मुद्दाम नेलं होतं, ताईला उलटी झाली होती बसमध्ये. तिथल्या सरांनी जोगळटेंभीची गोष्ट सांगितली. आपल्या नाशिकजवळ १९०६ साली तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी एका ठिकाणी सापडली, सगळी नहपान क्षत्रपाची, आणि त्यातल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा पुन्हा मारलेला. नहपानाच्या चेहऱ्याभोवती ग्रीक अक्षरं असतात म्हटल्यावर तू हात वर करून विचारलंस, "पण नाशिकमध्ये ग्रीक कोणाला वाचता येत होतं?" सर हसले नाहीत. त्यांनी तुला पुढे बोलावून खुर्ची दिली. बाबांनी ती गोष्ट शेवटपर्यंत सगळ्यांना सांगितली.

तेराव्या वर्षी तुला मधुमेह निघाला तेव्हाही तू असाच होतास. नर्सनं एकदाच दाखवलं आणि दुसरी सुई तू स्वतः टोचून घेतलीस. मी तोंड फिरवलं होतं. तू म्हणालास, आई, बघ, काही नाही झालं. तेव्हापासून तू मला हेच सांगत आलायस. काही नाही झालं.

नोव्हेंबरातही तू असंच सांगितलं असतंस, आजी बोलल्या नसत्या तर. इन्सुलिन घेतलंस, ताट वाढून ठेवलंस आणि लिलाव सुरू झाला म्हणून स्क्रीनसमोर बसलास. एक नाणं झालं, दुसरं झालं, तुला हवं होतं ते यायला रात्रीचे अकरा वाजले. न जेवल्यानं साखर उतरली, मग बाथरूमच्या फरशीवर सकाळपर्यंत. दार आतून बंद, आणि दुसरी किल्ली तुझ्याच खिशात. आजी दाराबाहेर उभ्या राहून हाका मारत होत्या, आत यायला वाट नव्हती. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे आहे रे. दुसरी किल्ली त्यांच्याकडे असती तर... नाही लिहिणार म्हणाले होते. लिहिलं. माफ कर.

पण आता लिहिलंच आहे तर ताईबद्दलही लिहिते. आपण यॉर्कच्या त्या म्युझियमच्या बागेत रोमनांच्या बुरुजापाशी बसलो होतो, थंडीनं माझे कान दुखत होते, आणि तू मला रोमच्या सेव्हेरस बादशहाची गोष्ट सांगत होतास. याच गावात तो २११ च्या फेब्रुवारीत वारला. जाताना दोन्ही मुलांना म्हणाला, सलोख्यानं राहा, शिपायांना पैसा द्या, बाकी कोणाची पर्वा करू नका. आणि वर्ष संपायच्या आत थोरल्यानं धाकट्याला मारवलं. तेही आईच्या कुशीत, असं त्या काळच्याच इतिहासकारानं लिहून ठेवलंय. तू त्या आईचं, युलिया डोम्नाचं नाणं दाखवलंस, काय ते केस, शिरस्त्राण घातल्यासारखे. मी त्या बाईकडे बघत राहिले आणि तू सैनिकांच्या पगारवाढीचं सांगत राहिलास. तू आणि ताई दोन वर्षं एकमेकांशी बोलत नाही. कारण मला माहीत आहे आणि ते कारण घराच्या कागदांएवढंच आहे, त्याहून मोठं नाही. तुझ्या फोनमध्ये संकटकाळी कळवायला तिचा नंबर टाक. एवढंच करायला काय... हे बघ, पुन्हा सुरू झाले. तुमचं तुम्ही बघा. मोठी झालात.

मी घासलेलं नाणं रोमच्या त्या थोरल्या फाउस्टिना राणीचं होतं, हेही मला मागाहून कळलं. ती गेली तेव्हा तिच्या नवऱ्याला राज्यावर येऊन जेमतेम दोन-तीन वर्षं झाली होती. त्यानंतर तो वीसेक वर्षं जगला आणि तिच्या चेहऱ्याची नाणी काढत राहिला. बाजारात भाजी घ्यायला निघालेल्या माणसाच्या मुठीत ती. बाबांचा तो बँकेच्या ओळखपत्राचा फोटो मी अजून पर्समध्ये ठेवते, त्याच्या कडा आता मऊ पडल्यात. म्हणून सांगते, तिच्या केसांवरचा रंग मी काढायला नको होता.

आणि तिची मुलगी, धाकटी फाउस्टिना. ते सिंहासनावरच्या दोन बाळांचं नाणं. तू त्या रात्री ज्याच्यासाठी जागलास, तेच ना ते? आजींनी तारीख सांगितली आणि तुझ्या पुडीवर तीच तारीख तुझ्या अक्षरात होती. म्हणून मी ते हातात घेतलं नाही. तू पुढे केलंस, मी चहाचं निमित्त करून उठले. इथे आल्यावर वाचलं. १६१ साली तिला जुळी झाली, त्यांचं हे नाणं. दोघं गुबगुबीत, पाय पसरून बसलेली, भोवती अक्षरं, की सुखाचा काळ आला. त्यातलं एक चार वर्षांचं होऊन गेलं. दुसरा कॉमोडस, पुढे बादशहा झालेला. तिला डझनाहून जास्त मुलं झाली आणि बरीचशी तिनं पोचवली. राजाची बाई, दाराशी वैद्यांची रीघ, आणि तरी. तिच्या काळी इन्सुलिन असतं तर, असा वेड्यासारखा विचार मी परवा देवापुढे बसून केला.

तर तुला उत्तर हवं होतं ना, माझं आवडतं ते. जुळ्यांचं. पुढच्या वेळी आले की ते दे माझ्या हातात, मी काठाला धरीन, चेहऱ्यावर बोट लावणार नाही.

या पाकिटात कापसात गुंडाळून एक कडी पाठवतेय. माझ्या लग्नातल्या पैंजणांतलं एक तुटलं होतं, ते पेठेत नेऊन आटवलं आणि समोर बसून किल्लीसाठी कडी करून घेतली. आप्पांचा जुना कारागीर आहे अजून, त्यानं पैसे घेतले नाहीत. चांदी चांगली आहे, कस लावून बघितलाय. यात तुझी दुसरी किल्ली अडकव आणि आजींना नेऊन दे. त्यांना सांग, काळी पडली तरी घासू नका.

तुझी,
आई

ता. क. लिलाव असेल त्या दिवशी आधी जेव. ताट वाढून ठेवू नकोस, जेव. ताईलाही एक नाण्याचा फोटो पाठव, तिला तो हत्ती आवडेल.