पिशारोटी सरांवर एकदा तरी लिहा

संपादक साहेब, स.न.वि.वि.

३० जुलै २०२५ ला भारत-अमेरिकेचा, पृथ्वीवर नजर ठेवणारा निसार उपग्रह गेला त्याची बातमी आणि रॉकेटचा फोटो तुमच्याकडे आला होता, ते कात्रण अजून माझ्या वर्गात भिंतीवर आहे. मी तालुक्याच्या कॉलेजात भूगोल शिकवते. त्या दिवशी पोरांना विचारलं, आपल्याकडे रिमोट सेन्सिंग, म्हणजे विमानातून-उपग्रहातून लांबूनच जमीन न्याहाळणं, सुरू कुणी केलं, तर बरेच जण म्हणाले साराभाई, एक म्हणाला कलाम सर. ज्यांनी ते सुरू केलं त्या पी. आर. पिशारोटींचं नाव एकालाही माहीत नव्हतं. मला फार वाईट वाटलं, म्हणून हे पत्र.

माणूस मूळचा केरळचा, जन्म १९०९ चा. मद्रासला कॉलेजात फिजिक्स शिकवायचे आणि सुट्टी लागली की बंगलोरला सी. व्ही. रामन यांच्याकडे काम करायला जायचे, पुढे हवामान खात्यात आले, अमेरिकेत पीएचडी केली, आणि १९६२ मध्ये पुण्यात उष्णदेशीय हवामान संस्था निघाली तिचे पहिले डायरेक्टर झाले. आज पाषाणला आहे ना, तीच. तिथून अहमदाबादला फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीत गेले. आणि ज्या वयात आमच्याकडे निरोप समारंभ होतो त्या वयात त्यांनी रिमोट सेन्सिंगचा अख्खा नवा विषय हातात घेतला!

तेव्हा केरळात नारळाला रूट विल्ट नावाचा रोग लागला होता. त्यात झाड लगेच मरत नाही, खंगत जातं, आणि नुसतं खाली उभं राहून बघितलं तर बिघाड लवकर लक्षात येत नाही. पिशारोटी आणि त्यांच्या टीमने १९७० च्या सुमारास हेलिकॉप्टरमधून इन्फ्रारेड फिल्मवर बागांचे फोटो काढले. निरोगी पान आपल्या डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड उजेड भरपूर परत फेकतं म्हणून त्या फिल्मवर ते लालभडक दिसतं, आजारी पानाचा लाल फिका पडतो, बस एवढ्यावरून रोगट झाडं वरून ओळखू आली. तेव्हा आपला एकही उपग्रह वर नव्हता, आणि रिमोट सेन्सिंगच्या रोजच्या कामाचा आपला पहिला उपग्रह आयआरएस-१ए गेला तो थेट १७ मार्च १९८८ ला, तोसुद्धा तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या बैकोनूर तळावरून रशियन रॉकेटवर. म्हणजे आपल्याकडे हा विषय शेतकऱ्याच्या नारळापासून सुरू झाला, हे मला फार मोठं वाटतं.

आणि आज दुष्काळ जाहीर करताना तुमच्या बातम्यांत जो वनस्पती निर्देशांक येतो ना, तो पानाच्या याच गुणावर चालतो, लाल उजेड पान खातं आणि इन्फ्रारेड परत फेकतं, त्या दोन्हीतला फरक मोजायचा. आमच्या लोकांचं नशीब त्या आकड्यावर ठरतं तर तो येतो कुठून हे त्यांना कळायला नको का?

पिशारोटी पावसाबद्दलही कळकळीने सांगायचे, की वर्षाचे ८७६० तास, त्यातल्या जेमतेम १०० तासांत आपला बहुतेक पाऊस पडून जातो, म्हणून पडेल तिथेच गावच्या तळ्यात साठवा. दुष्काळी पट्ट्यातल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

माझी विनंती एवढीच की १० फेब्रुवारीला त्यांचा जन्मदिवस असतो, त्या दिवशी पुरवणीत अर्धं पान त्यांना द्या, आणि रॉकेटच्या फोटोपेक्षा त्या नारळाच्या प्रयोगाबद्दल जास्त लिहा. हवं तर आमच्या मुलींचं कामही पाठवते. त्यांनी सेंटिनेल-२ या युरोपच्या उपग्रहाची फुकट मिळणारी इमेज घेऊन तालुक्याचा हिरवाईचा नकाशा केला, मग मी म्हटलं आता उन्हात चला आणि शेतात जाऊन बघा. ओढ्याकाठचा जो सगळ्यात हिरवागार पट्टा आम्ही ऊस समजत होतो ती सगळी वेडी बाभूळ निघाली.

आपली,
भूगोलाची एक शिक्षिका, जि. सोलापूर