पेनड्राइव्ह काढायला प्रशासकाचा पासवर्ड कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

चोपडा तालुक्यातल्या एका गावात मी ‘ड’ वर्ग वाचनालयाची ग्रंथपाल आहे. मानधनाचं रडगाणं आज गात नाही, त्याला वेगळं पत्र लागेल. आजचा विषय आमच्या संगणकांचा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आमच्या जुन्या मशीनवर ११ चढेना, म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाकून घेतली. मशीन हलकी झाली. पोलीस भरती अन् एमपीएससीची तयारी करणारी मुलं खूश आहेत. तक्रार एकच उरली: पेनड्राइव्ह आत जातो गुपचूप, बाहेर निघताना पासवर्ड मागतो.

होतं असं. सकाळचा मुलगा आपल्या खात्यात पेनड्राइव्ह लावतो, जुन्या प्रश्नपत्रिका चाळतो आणि दुपारी ‘स्विच यूजर’ करून, म्हणजे आपलं खातं चालूच ठेवून, जेवायला निघून जातो. मग एखादी मुलगी येऊन स्वतःच्या खात्यात शिरते. तिला तो पेनड्राइव्ह यादीत दिसतो, पण उघडत नाही. कारण ‘मीडिया’ फोल्डरात तो त्या मुलाच्या नावाच्या कप्प्यात जोडलेला असतो आणि तो कप्पा इतरांना बंद. ती इजेक्टचं चिन्ह दाबते. लगेच चौकट उभी राहते: दुसऱ्या वापरकर्त्याने जोडलेलं उपकरण काढायचं तर प्रशासकाचा पासवर्ड द्या. मागून कोणीतरी म्हणतोच, “काढी ले ना, काही व्हत नही!”

होतं तर! कॉपीची पट्टी पूर्ण भरली तरी शेवटचा मजकूर बऱ्याचदा संगणकाच्या मेमरीतच असतो, पेनड्राइव्हवर उतरलेला नसतो. त्यात बहुतेक पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या मांडणीचे, अर्धवट लिहिलेलं सावरून घ्यायची सोय नसलेले. उपटला की भरतीच्या अर्जाचा फोटो गेला. पुढे लिनक्सला त्या ड्राइव्हवर बिघाड सापडला, तर ते त्याला फक्त वाचण्यापुरतं ठेवतं आणि मुलं पुन्हा ‘परमिशनचा प्रॉब्लेम’ घेऊन माझ्या टेबलाशी. मग कोणी यूट्यूब बघून ‘सीएचमॉड ७७७’ ही सगळ्यांना सगळी परवानगी देणारी आज्ञा मारून बघतो. त्याने काही हलत नाही. फॅटमध्ये मालकाची नोंदच नसते, मालक कोण ते ड्राइव्ह जोडताना ठरतं.

ज्यांनी मशीन बसवून दिली त्यांना फोन केला. त्यांचा पहिला सल्ला, प्रशासकाचा पासवर्ड मॉनिटरला चिकटवून ठेवा. म्हणजे पेनड्राइव्ह काढणाऱ्याला सगळ्यांची खाती पुसायचाही अधिकार! केळीचा एक घड द्यायला अख्ख्या मळ्याची किल्ली देण्यातला प्रकार. मी नाही म्हटल्यावर त्यांच्या माणसाने ‘एफएसटॅब’ फाइलीत, म्हणजे कुठला ड्राइव्ह कसा जोडायचा त्या यादीत, एक ओळ घातली. वाचनालयाचा पेनड्राइव्ह आता मशीन सुरू होतानाच जोडला जाऊ लागला, तोही रूटच्या (मुख्य प्रशासकाच्या) नावाने, म्हणजे साध्या खात्यातून कोणालाच काढता येईना. वर त्या ओळीत ‘नोफेल’, म्हणजे ड्राइव्ह नसला तरी अडू नको, हा शब्द घालायचा राहिलेला. पेनड्राइव्ह कपाटात राहिला त्या दिवशी मशीन दीड मिनिट अडून बसलं आणि काळ्या पडद्यावर इमर्जन्सी मोड दाखवू लागलं. अभ्यासिकेत मुलं ताटकळलेली.

ती ओळ मी काढून टाकली. कोणाला ठेवायचीच असेल तर त्यात ‘नोऑटो’ (सुरू होताना आपोआप जोडू नको), ‘नोफेल’ आणि ‘यूजर्स’ असू द्या. नुसतं ‘यूजर’ लिहिलं तर ज्याने जोडलं त्यालाच काढता येतं, ‘यूजर्स’ लिहिलं तर कोणालाही.

खरा इलाज वेगळाच आहे आणि तो छोटा आहे. ड्राइव्ह जोडण्या-काढण्याचं काम ‘यूडिस्क्स’ करतं, परवानगी द्यायची की नाही ते ‘पोलकिट’ ठरवतं. मशीनसमोर बसलेल्याला स्वतः जोडलेला पेनड्राइव्ह काढायला एरवी पासवर्ड लागतच नाही. दुसऱ्याने जोडलेला काढायची परवानगी स्वतंत्र आहे, तिच्या नावाच्या शेवटी ‘फाइलसिस्टम-अनमाउंट-अदर्स’ येतं. पोलकिटच्या ‘रूल्स डॉट डी’ फोल्डरात चार-पाच ओळींची फाइल ठेवून मी एवढीच परवानगी एका गटाला दिली. गटात मी आणि संध्याकाळी वाचनालय बघणारी मुलं. सगळ्या वाचकांना मुद्दाम दिली नाही, कारण एकाचा ड्राइव्ह दुसऱ्याने परस्पर काढला की भांडण निस्तरायला मीच. आमचं मिंट २२ आहे. २१ वर पोलकिट जुनं असल्याने तिथे फाइल वेगळ्या साच्याची लागते, हे करणाऱ्याने ध्यानात घ्यावं. आणि ‘डिव्हाइस बिझी’ असा निरोप आला तर तो परवानगीचा मामला नाही. कुठेतरी पीडीएफ उघडी आहे किंवा टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) त्याच फोल्डरात बसलंय. ‘एलएसओएफ’ ही आज्ञा कोण अडवतंय ते नावानिशी सांगते.

हे सारं लिहायचं कारण, खान्देशातल्या शाळा, ग्रामपंचायती, वाचनालयं यांत आता जुन्या मशीनवर लिनक्स टाकणं वाढणार. फुकटची वस्तू म्हणून ती अशीच वागणार, असं कोणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. बिल पास करण्याआधी पुरवठादाराच्या माणसाला साध्या खात्यात बसवा. एका खात्यात लावलेला पेनड्राइव्ह दुसऱ्या खात्यातून, ज्याच्याकडे ते काम सोपवलंय त्याच्या हातून, प्रशासकाचा पासवर्ड न देता काढून दाखवायला सांगा. नाही दाखवता आलं तर बिलावर सही करू नका.

– एक ग्रंथपाल, ता. चोपडा, जि. जळगाव