आमच्या वाडीच्या आशाताईंना

आशाताई, नमस्कार.

एप्रिल 2021 मध्ये, कोरोनाच्या साथीत, चुलत्यांच्या दहाव्याला सगळी भावकी जमली, गळ्यात पडून रडली, एका पंगतीत जेवली. आठवडाभरात घरोघरी ताप आला, पण कबूल कुणी करेना. कोविड सेंटरला नेलेला माणूस परत येत नाही, मयताचं तोंडही बघू देत नाहीत, असं जो तो म्हणत होता.

मी पुण्यात अडकलो होतो. वाडीच्या आशा सेविका म्हणून तुम्ही दारात आलात आणि आईने तुम्हाला खरं सांगितलं. गाडीतून कुणी साहेब उतरले असते तर तिने नक्कीच ताप लपवला असता. पण तुम्ही वहिनीच्या बाळंतपणाला रात्री दवाखान्यात सोबत थांबला होतात, बाळाच्या लसींच्या तारखा तुम्हाला तोंडपाठ होत्या. ऑक्सिमीटर बघून तुम्ही म्हणालात, "काकू, आजच निघायचं. मी येते बरोबर." आईचा प्रश्न एकच होता: म्हशीची धार कोण काढणार? तो तुम्ही हसण्यावारी नेला नाहीत. शेजारच्या काकूंशी बोलून धारेची, वैरणीची सोय लावलीत, मगच गाडी बोलावलीत. रोज संध्याकाळी मला फोन करून तिची खबर दिलीत. आई सेंटरला गेली, तिच्याशी फोनवर बोलता येतंय, हे कळल्यावर भावकीतली बाकीची घरंही बोलती झाली.

1897 च्या प्लेगमध्ये पुण्यात इंग्रज अधिकारी रँडच्या हुकमाने गोरे सोजीर घराघरात घुसून रोगी शोधत होते आणि लोक रोगी लपवत होते. त्याच साथीत सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या, आणि 10 मार्चला प्लेगनेच गेल्या. त्या साली केलेला साथरोग कायदा 2020 मध्ये आपल्याकडे पुन्हा लागू झाला. त्याने रस्ते आणि बाजार बंद झाले. आईच्या तोंडून ताप मात्र तुम्हीच वदवून घेतलात.

एवढं करून त्याच जूनमध्ये तुम्हा आशांना मानधनासाठी संपावर जावं लागलं, याचा मला अजूनही राग येतो. अंगावर धड संरक्षक कपडे नसताना तुम्ही आमच्या घरात शिरला होतात.

ताई, आई घरी परत आली ती तुमच्यामुळे. आमच्या सगळ्या भावकीकडून मनापासून आभार.

तुमचा,
वाडीतला एक भाऊ