मा. महिला व बालविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य यांना खुलं पत्र : वडील काय करतात?

मंत्रीमहोदय, नमस्कार.

आम्ही सात-आठ जण आहोत, सगळे नोकरी करणारे. बालगृहातून 18व्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना शनिवार-रविवारी खोली शोधून देतो, बँक खातं, अनाथ प्रमाणपत्र, अ‍ॅडमिशनचे फॉर्म वगैरे समजावून सांगतो. बाकी सगळं जमतं हो, खोलीपाशी येऊन अडतं.

मागे एका मुलाबरोबर खोली बघायला गेलेलो. घरमालक काका चांगले होते, पाणी किती वाजता येतं तेसुद्धा सांगितलं, मग आधार कार्ड मागितलं. त्यावर पत्ता बालगृहाचा. काकांनी कार्ड उलटंसुलटं करून बघितलं आणि विचारलं, वडील काय करतात? पोरगं काही बोललंच नाही, दारात जाऊन चप्पल घालायला लागलं. त्याची ती चौथी खोली होती. शेवटी पाचवी मिळाली, ती पण मी जामीन राहिलो म्हणून, आणि डिपॉझिट आम्ही सगळ्यांनी मिळून भरलं.

बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 46 मध्ये संस्था सोडताना आर्थिक मदतीची सोय आहे, पण ती 'देता येईल' अशी, दिलीच पाहिजे अशी नाही. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत अनुरक्षणासाठी, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या देखभालीसाठी, महिन्याला 4000 रुपये आहेत, ज्यांना मिळतात त्यांना मोठा आधार होतो, पण घरमालक डिपॉझिट एकरकमी मागतो आणि वर ओळखीचं मोठं माणूस मागतो, ते या मुलांनी आणायचं कुठून? 2018 मध्ये राज्याने अनाथांना 1 टक्का आरक्षण दिलं तेव्हा आम्हाला खरंच खूप आनंद झाला होता. पण भरतीचा अभ्यास करायला आधी रात्री पाठ टेकायला जागा तर पाहिजे ना.

म्हणून मागणं एवढंच आहे. जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या सहीचं एक पत्र द्या, की या भाडेकरूच्या मागे विभाग उभा आहे. डिपॉझिट विभागाने थेट घरमालकाला द्यावं आणि खोली सोडली की परत घ्यावं, म्हणजे तोच पैसा पुढच्या मुलाला वापरता येईल. आणि खोलीचा शोध 17व्या वर्षीच सुरू करा, वाढदिवस झाल्यावर नको. मुलींच्या बाबतीत तर नक्कीच, कारण एकटी मुलगी म्हटल्यावर निम्मे लोक फोनवरच नाही म्हणतात.

त्या मुलाचं अ‍ॅग्रीमेंट 11 महिन्यांचं आहे. ते संपायच्या आत असं पत्र निघालं तर पुढच्या खोलीसाठी त्याला माझी सही लागणार नाही.

आपला,
एक स्वयंसेवक